आईचं कुलूप, माझा अंगठा

आमच्या घरात काही वर्षं माझ्यापेक्षा माझ्या उजव्या अंगठ्याला जास्त मान होता. मी भाजी चिरायला बसले की आई विळी ओढून घ्यायची. तव्याजवळ हात गेला की ओरडायची. शेजारच्या काकू म्हणायच्या, "बाप्पा, केवढी लाडाची पोरगी! सासरी कोण ठेवन इले असं?" मी गालात हसायचे. लाड माझे नव्हतेच, अंगठ्याचे होते. आईच्या एका कुलपाची किल्ली त्या अंगठ्यात होती आणि असं काही कुलूप घरात आहे, हे बाबांना माहीत नव्हतं.

घर अकोल्याच्या जुन्या शहरात. आम्ही म्हणतो मोर्णा नदीच्या अलीकडे, बाकीचं अकोला म्हणतं पलीकडे. घरात माणसं तीन: बाबा, आई आणि मी. बाबा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. निवृत्त माणूस दिवसभर घरात असणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरी आहे त्यालाच कळेल. फ्रिज उघडला की "काय काढलं?" आणि बंद केला की "काय ठेवलं?" त्यांच्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नसे, आणि सुटलीच तर ती कुठून आली याची चौकशी व्हायची.

कॉलेज बंद होऊन वर्ग घरात आले तेव्हा माझ्यासाठी एक टॅब घेतला गेला. 'माझ्यासाठी' हा शब्द दुकानाच्या पायरीपर्यंत टिकला. घरी येईतो टॅब घराचा झाला होता. सकाळी बाबांचं कीर्तन, मग माझे वर्ग, दुपारी आईच्या रेसिपी, संध्याकाळी पुन्हा बाबा. बाबांच्या खिशात एक बटणांचा फोन असायचा, फक्त बोलण्यापुरता. आईजवळ तोही नव्हता.

तिच्यासाठी घ्यायचा ठरला होता एकदा. पण सिमकार्डासाठी मशीनवर अंगठा ठेवायचा होता आणि आईचा अंगठा मशीन घेईना. माहेरी बागेत निंदण-खुरपण, सासरी आयुष्यभर भांडी आणि धुणं. बोटांवरच्या रेघा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. दुकानदार म्हणाला, "काकू, हात धुऊन या." आई धुऊन आली. मग म्हणाला, "जरा तेल लावून पाहा." तेही झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच तमाशा. शेवटी आई म्हणाली, "मी हाये का नाई, हे आता या डब्बीले विचाराचं का?" आणि तिने फोनचा नाद सोडला.

आता बाबांची एक पद्धत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. संध्याकाळचा चहा झाला की बाबा चष्मा लावत, टॅब मांडीवर घेत आणि दिवसभरात आलेले सगळे मेसेज मोठ्याने वाचत. ही पद्धत पत्रांच्या काळातली. आजोबांच्या वेळी कोणाच्याही नावाने पत्र आलं तरी ते सगळ्यांसमोर वाचलं जाई. पत्रावर नाव एकाचं असलं तरी पत्र घराचं. बाबांनी ते जसंच्या तसं टॅबला लावलं. सुप्रभातचे मेसेजसुद्धा ते संध्याकाळी वाचत. लाइट बिल, कोणाच्या नातवाचं बारसं, केसगळतीवर कांद्याचा रस, सगळं एकाच सुरात. माझ्या मैत्रिणीने पाठवलेलं "कुठे मेलीस गं?" हेही त्यांनी एकदा बातम्यांच्या आवाजात वाचून दाखवलं आणि वर मला विचारलं, "सांग, काय उत्तर लिहू?"

मी भांडले. बाबा म्हणाले, "घरातल्या घरात कुलूप कोनापासून?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आमच्या घरात न्हाणीघर सोडलं तर आतल्या कोणत्याच दाराला कडी नव्हती. मी माझ्या मैत्रिणींना सांगून टाकलं की मला जे लिहाल ते माझ्या वडिलांना उद्देशून लिहा. त्याही मग 'नमस्कार काका' पासून सुरुवात करू लागल्या. माझं इतक्यावर भागलं. आईचं भागण्यासारखं नव्हतं.

आईचं माहेर वरूडचं. तिला एकच भाऊ, तिच्याहून लहान, संत्र्याची बाग करणारा. दर मोसमात मामा स्वतःच्या हाताने निवडलेल्या संत्र्यांचं एक कॅरेट आमच्याकडे पाठवायचा. कॅरेटच्या कडेला निळ्या पेंटच्या दोन रेघा, ही त्याची खूण. एका वर्षी बाबांना पित्ताचा त्रास होता, माझा घसा धरला होता, घरात आंबटगोड कोणीच खाईना. म्हणून बाबांनी ते कॅरेट न उघडताच अमरावतीला आत्याकडे धाडून दिलं. फळ वाया जाण्यापेक्षा बहिणीकडे गेलेलं बरं, इतका साधा हिशेब. पण त्याच आठवड्यात मामा काही कामाने अमरावतीला गेला आणि वाटेत आत्याकडे टेकला. आत्याने कौतुकाने संत्री पुढे केली. "घ्या, आमच्या भावानं पाठवले." मामाने बशीतलं संत्रं पाहिलं, मग कोपऱ्यातलं कॅरेट पाहिलं, त्यावरच्या दोन निळ्या रेघा पाहिल्या. एक फोडही तोंडात न घालता तो उठला.

संध्याकाळी बाबांच्या फोनवर त्याचा फोन आला. "भाऊजी, माह्या हातचं गोड लागत नसन तुमाले, तं तसं सांगाचं. दारोदार कायले वाटता?"

बाबांना वाटलं, आपल्या बहिणीचं घर म्हणजे दारोदार का? ते उखडले. "दिलं म्हनजे माह्यं झालं. मी कोनालेबी देईन. नाई तं मोर्णेत फेकीन!"

मोर्णेचं नाव निघालं आणि संपलं. बागवाल्याला त्याचं फळ नदीत फेकीन म्हणणं हे शिवी देण्याहून वाईट, आणि आमच्या मोर्णेची सांडपाण्याने झालेली अवस्था ज्याने पाहिली आहे त्याला तर विचारूच नका. मामाने फोन ठेवला. बाबांनी जाहीर केलं, "त्या घरचा विषय या घरात निघनार नाई." आणि तो निघेनासा झाला. कॅरेट येणं थांबलं. आम्ही बाजारातून संत्री आणायचो आणि आई त्यांना हात लावायची नाही.

त्या दिवाळीत भाऊबीजेला आईने चंद्राला ओवाळलं. ज्यांना भाऊ नाही त्या बायका ओवाळतात तसं. बाबांनी ते ओसरीतून पाहिलं, आत गेले आणि टीव्हीचा आवाज वाढवला. मला त्या दिवशी बाबांचा भयंकर राग आला होता. दुसऱ्या दिवशी मी मामाला टॅबचा नंबर दिला.

त्याचा पहिला मेसेज दुपारी आला. "बाई, कशी हायेस?" इतकाच. मामा आईला बाई म्हणतो. आईने तो वाचला, टॅब पदराने पुसला, पुन्हा वाचला. मग एका बोटाने अक्षरं शोधत लिहिलं, "बरी हाओ. तू जेवला?" दुपारी तीन वाजता कोणी जेवला का विचारतं का, असं मी म्हटलं तर म्हणाली, "मंग काय विचारू? इतक्या दिवसाचं कोठून सुरू करू?"

तेव्हापासून रोज चालू झालं. मामा लिहायला आळशी, तो बोलून पाठवायचा. आई स्वयंपाकघरात टॅब कानाला लावून ऐकायची. उन्हाळ्यात अडचण नसे, कारण आमचा कूलर सुरू झाला की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. पावसाळ्यात कूलर बंद झाला की मिक्सर लावायचा. घरात तेव्हा इतकी शेंगदाण्याची चटणी व्हायची की बाबा म्हणाले, "अवं, दुकान टाकाचं हाये का?" ऐकून झालं की आई सगळं पुसून टाकायची. चहाच्या आधी टॅब चकचकीत.

पण मेसेज काही घड्याळ पाहून येत नाहीत. एका संध्याकाळी बाबांचं वाचन रंगात आलेलं असताना वरून एक ओळ पडली आणि बाबांनी ती त्याच ओघात वाचली, "बाई, बहार फुटला. सारी बाग पांढरी झाली."

आईच्या हातात पोळी होती, ती हातातच राहिली.

"कोन हाये हा?" बाबा म्हणाले. नंबर आम्ही बिननावाचा ठेवला होता.

"चुकून आला असन कोनाचा," आई मागे न वळताच म्हणाली.

"संत्रेवाला दिसते," बाबा म्हणाले आणि एकेक अक्षर उच्चारत त्यांनी लिहिलं, "राँग नंबर." पलीकडून क्षणात उत्तर आलं, "माफ करजा साहेब." बाबा खूश. "पाहा, मानूस सभ्य हाये." आपल्याला साहेब म्हणणारा तो मामा होता, हे त्यांना कळलं असतं तर त्यांचं काय झालं असतं कोणास ठाऊक.

रात्रीची भांडी आवरताना आई मला म्हणाली, "याले कुलूप लागते का?"

मी म्हटलं, "तू बाबांना सरळ सांगून का नाही टाकत?"

"सांगितलं तं ते टॅब कपाटात ठेवतीन. अन् मले पुन्हा चंद्र." मग म्हणाली, "अन् दुसरंबी हाये. मले लाज नाई वाटत लपवाची. पन माह्या भावाचं बोलनं लाइट बिलासंग कोनी वाचलेलं मले नाई चालत. ते माह्यं हाये."

आईला 'माझं' असं म्हणताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. तिची साडी म्हणजे "तुह्या मावशीनं दिलेली", तिचं कपाट म्हणजे "ते मांगच्या खोलीतलं". मी दुसऱ्या दिवशी कामाला लागले.

आकडा टाकायचं कुलूप बाद होतं. आमच्या घरात सगळ्या गोष्टींचा आकडा एकच, बाबांच्या जुन्या स्कूटरचा नंबर. टॅब उघडायचा तोच, सुटकेसचा तोच. आईला वेगळा आकडा दिला तर ती तो विसरली आणि दोनदा विचार करून तिने टाकला तो स्कूटरचाच. मग राहिलं बोटाचं कुलूप. एका माणसाबरोबरचं बोलणं तेवढं वेगळं बंद करून ठेवता येतं. बाकीचे मेसेज उघडे राहतात, त्या एकावर बोट मागतं. मी आईचा अंगठा टेकवला. मशीन म्हणालं, पुन्हा ठेवा. पुन्हा ठेवला. पुन्हा ठेवा. दहाही बोटं झाली. आई वैतागून म्हणाली, "पायाचा लावू का आता?" सिमच्या दुकानात झालं तेच घरात झालं. हात घासून घासून जिने आमचं घर चालवलं, तिची ओळख पटायला त्याच हातांवर रेघ उरली नव्हती. मला रडू येणार होतं, पण आई तेवढ्यात म्हणाली, "तुह्या कामचोट्टीचा लावून पाय." माझा अंगठा पहिल्या खेपेलाच लागला.

असा माझा अंगठा कामाला लागला. "जरा इकडं ये वं" अशी हाक आली की मी समजायचे. मी अंगठा टेकवून टॅब तिच्या हातात द्यायचे आणि तोंड फिरवून उभी राहायचे. हे तिने सांगितलं नव्हतं, पण मी पाहू लागले की ती टॅब छातीशी धरायची, मग मीच शहाणी झाले. एकदा बाबांनी मेसेजच्या वर ते कुलपाचं चित्र पाहिलं. "हे कायचं कुलूप?" मी म्हटलं, "कंपनीचं असतं, सरकारी नियमाप्रमाणे, सुरक्षेसाठी." बाबांचा सरकारी कुलपांवर नितांत विश्वास. त्यांनी त्याला कधी बोट लावलं नाही.

संकटं आली, पण ती अंगठ्यावर आली. एका लग्नात मेंदी काढली तर मशीनने मला ओळखायला नकार दिला आणि आईने मला रागवून राखेने अंगठा घासायला बसवलं. एकदा पपई कापताना चाकू लागला. रक्त पाहून आई धावत आली, हळद लावली, फुंकर घातली, डोळ्यांत पाणी आणलं, आणि पट्टी बांधून झाल्यावर म्हणाली, "अवं माय, हा कोनता हात हाये?" डावा आहे म्हटल्यावर तिचा चेहरा असा काही उजळला की मला पट्टी सोडून टाकावीशी वाटली.

मग मला अमरावतीला नोकरी लागली. सामान बांधताना सगळ्यांना सगळं आठवलं, लोणचं, उशी, डास मारायची बॅट. अंगठा माझ्याबरोबर चालला आहे, हे एसटी निघताना आईच्या लक्षात आलं. खिडकीतून तिने माझा हात धरला तो सोडेचना. बाबांना वाटलं माया. ते मागून म्हणत होते, "अवं सोड, अमरावती काही अमेरिका हाये का?"

सुरुवातीला मी दर शनिवारी घरी यायचे आणि चप्पल काढायच्या आधी अंगठा द्यायचे. आठवड्याचं सगळं आई एका दुपारी ऐकायची. मग ऑफिसात काम वाढलं, मैत्रिणी झाल्या, शनिवार अमरावतीतच जाऊ लागले. आई बाबांच्या फोनवरून विचारायची, "कधी येते?" मी म्हणायचे, "येईन गं, पुढच्या आठवड्यात." बाबा शेजारी असायचे, त्यामुळे तिला पुढे काही बोलता यायचं नाही. मामाचं पथरीचं ऑपरेशन ठरलं होतं, हे तिला माहीत होतं. मला तिने सांगितलं नव्हतं. ते झालं की नाही, कसं झालं, हे त्या कुलपाच्या आत होतं. बाहेर फक्त एक आकडा दिसायचा, न वाचलेल्या मेसेजचा, आणि तो रोज वाढत होता. भावाचा आवाज हातात आहे आणि उघडत नाही. आई तो आकडा बघत बसायची, असं तिने मला नंतर सांगितलं, तेव्हा मला माझ्या सगळ्या शनिवारांची चीड आली.

शेवटी एकदाची मी गेले. पिशवी ठेवून थेट स्वयंपाकघरात गेले आणि अंगठा पुढे केला.

"राहू दे," आई कणीक मळता मळता म्हणाली. "उघडलं ते."

"कसं? कोणाचा लावलास? शेजारच्या काकूंचा?"

"तिचा लावला असता तं गल्लीभर झालं असतं. तुह्या बापाचा लावला."

मी पाटावर बसलेच. आईने परात बाजूला सारली आणि सांगितलं ते तिच्याच शब्दांत सांगते.

"ते पेपर वाचून राहिले होते. म्या समोर टॅब धरला. म्हटलं, अंगठा द्या. कायले म्हनते. म्हटलं, यात माह्या भावाचे मेसेज हायेत. लय दिवसाचे हायेत, तुमाले न सांगता. त्याचं ऑपरेशन होतं. तो हाये का नाई मले माईत नाई. तुमी अंगठा नाई देत तं मी वरूडच्या गाडीत बसतो, अन् मंग चहा तुमचा तुमीच करजा."

"मग? ओरडले?"

"ओरडले. पन ते स्कूटरचा नंबर टाकून म्या तुह्यासारखंच नवीन बोट लावाले घेतलं होतं. ते मशीन म्हने, ठेवा. त्यायनं रागानं ठेवला. उचला. उचलला. पुन्हा ठेवा. आता जरा बाजूनं. आता टोकाकडून. पुन्हा. मानूस एकीकडे बोलून राहिला, 'माह्या घरात, माह्या मांगे', अन् एकीकडे अंगठा ठेवून राहिला. इतक्या खेप ठेवाले लावला मशीननं का अर्ध्यातच राग उतरला त्यायचा. शेवटी तेच म्हने, 'झालं का? का अजून ठेवू?'"

आम्ही दोघी तोंडाला पदर आणि ओढणी लावून हसलो. मग आई गंभीर झाली. म्हणाली, "उघडलं तसं त्यायनं पाह्यलं नाई हो. टॅब माह्या हातात देला अन् खिडकीजवळ जाऊन उभे रायले, तिकडं तोंड करून. मले वाटलं, आता वाचतीन मोठ्यानं. पन नाई."

ऑपरेशन नीट झालं होतं. पथरी तुरीच्या दाण्याएवढी निघाली होती आणि मामाने ती आठवण म्हणून डबीत ठेवली होती.

त्या संध्याकाळी मी ते डोळ्यांनी पाहिलं. चहा झाला. बाबांनी नेहमीचं वाचन केलं, सुप्रभात, लाइट बिल, गुडघेदुखीवर एरंडाचं पान. मग वरच्या त्या कुलपावर अंगठा टेकवला, टॅब आईकडे दिला आणि उठून खिडकीशी गेले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आई मामाचं बोलणं ऐकू लागली. कूलर बंद होता, मिक्सर बंद होता. मामाचा आवाज साऱ्या खोलीत ऐकू येत होता आणि बाबांची पाठ अगदी ताठ होती.

संपल्यावर खिडकीकडे तोंड करूनच बाबा म्हणाले, "फळगळ किती हाये म्हनते यंदा?"

"तुमीच विचारा," आई म्हणाली. तिने बोलायचं बटण दाबून धरलं, उठली आणि टॅब बाबांच्या पाठीशी नेऊन उभी राहिली. बाबांनी वळून पाहिलं. ज्या माणसाने आयुष्यभर सगळ्यांचं सगळं मोठ्याने वाचलं, त्याला स्वतःचं एक वाक्य सुचेना. ते नुसते खोकले. आईने बोट उचललं आणि तो खोकला वरूडला गेला.

आम्ही तिघं टॅबकडे पाहत बसलो. उत्तर आलं. आईने ते मुद्दाम आवाज वाढवून लावलं.

"बाई, हे भाऊजी खोकले ना? त्यायले म्हन, अडुळसा घ्या, नाई तं मिरे अन् गूळ. अन् हे पाय, मी बरा झालो का येऊन राहिलो. संत्री आनतो. पन आता कॅरेट नाई आनत. तिथंच बसून सोलून देतो, फोड फोड. मंग पाह्यतो कोनाले पाठवता ते."

बाबा इतक्या जोराने हसले की पुन्हा खोकले. डोळे पुसत म्हणाले, "लावते का पुन्हा एकडाव?"

मामा आला तो पुढच्या मोसमात. ओसरीत बसून त्याने खरोखर संत्री सोलली आणि एकेक फोड बाबांच्या हातावर ठेवली. पित्त असतानाही बाबांनी सगळी खाल्ली आणि रात्रभर कण्हले. भाऊबीजेला आईने त्याला ओवाळलं. चंद्राकडे त्या वर्षी कोणी पाहिलंच नाही.

मला वाटलं, आता कुलपाचं काम संपलं. मी आईला म्हटलं, "काढून टाकू का ते? आता लपवायचं काय आहे?"

"राहू दे," आई म्हणाली. "भांडन मिटलं म्हनून का सारंच चहासंग वाचाचं?"

गेल्या महिन्यात मी घरी गेले होते. दुपारी आई झोपली होती. टॅब तिथेच पडला होता, त्यावर मामाचा मेसेज आल्याची खूण होती. वाचायचं नव्हतं मला काही. जुनी सवय, म्हणून अंगठा टेकवला. मशीन म्हणालं, पुन्हा ठेवा. मी कुडत्याला पुसून पुन्हा ठेवला. पुन्हा ठेवा.

"नाई लागनार," आई डोळे मिटूनच म्हणाली. "काढून टाकला तुह्या."

"माझा? का?"

"एक हाये ना लावाले. दुसरा कायले?" ती कूस बदलत म्हणाली. "अन् तू काही मेली रोज हायेस का इथं?"

मला राग आला. इतकी वर्षं ज्या अंगठ्याला जपलं तो मलाच न विचारता काढून टाकला. अमरावतीला परतताना एसटीत मी तो बराच वेळ बघत होते आणि मला वाईट वाटत होतं. बडनेरा मागे पडेपर्यंत ते वाईट वाटणं तसंच राहिलं, आणि त्याच्या जोडीला चांगलंही वाटू लागलं. आईच्या कुलपाची किल्ली आता बाबांकडे आहे. ती रोज संध्याकाळी म्हणते, "अंगठा द्या." ते देतात, आणि खिडकीशी जाऊन उभे राहतात. आता तर मामाच्या बोलण्यात लपवण्यासारखं काहीच नसतं, फवारणी कधी केली आणि मजूर मिळाले की नाही इतकंच असतं. तरी ते पाठ फिरवून उभे राहतात आणि तिकडूनच विचारतात, "झालं का?"

आई कधी हो म्हणते. कधी झालेलं असलं तरी म्हणते, "थांबा, अजून नाई."